आगगाडीचा बंब : फ्रान्सपासून मूर्तिजापूरपर्यंत



मूर्तिजापूर स्टेशनावर मोठ्या गाडीतून उतरून ज्यांनी कधी छोटी गाडी धरली असेल, त्यांना शकुंतला म्हणजे काय हे सांगायला नको. रुळांतले अंतर अवघे दोन फूट सहा इंच. एक फाटा दर्यापूर-अंजनगाव करीत अचलपूरला जाई, तो ७६ किलोमीटरचा. दुसरा कारंजा-दारव्हा करीत यवतमाळला, तो ११३ किलोमीटरचा. या गाडीला मँचेस्टर येथे १९२१ साली बांधलेले वाफेचे इंजिन असे. १९२३ पासून ते जुंपले गेले आणि १५ एप्रिल १९९४ रोजी त्याच्या जागी डिझेलचे इंजिन आले. बैलाच्या एका जोडीकडून आपण किती वर्षे काम घेतो? दहा-बारा. या लोखंडी बैलाने सत्तर वर्षे ओढले. त्याच्या पोटात काय होते आणि ते तिथे कोणी घातले, ते आज पाहू.

आगगाडी म्हटली की आपल्या मनात इंग्रज येतो. ते चूक नाही. इंजिन इंग्लंडात वाढले, आपल्याकडे १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे धावले तेही इंग्रजांनीच आणले. पण शकुंतलेच्या इंजिनाला बंब आणि त्याला पाणी पाजण्याची युक्ती, या ज्या दोन गोष्टींवाचून एक गावही गाठता आले नसते, त्यांच्यामागे फ्रेंच डोके आहे. शाळेच्या पुस्तकात स्टीफन्सन असतो, हे दोघे नसतात. म्हणून त्यांची ओळख करून देतो.

आधी बंब. पाणी तापवायचा तांब्याचा बंब पुष्कळांनी पाहिला असेल. मधोमध एक उभे नळकांडे, त्यात निखारे, आणि नळकांड्याभोवती पाणी. निखाऱ्याची ऊब नळकांड्याच्या अंगातून पाण्याला लागते आणि उरलेली वरच्या तोंडातून हवेत जाते. पहिली इंजिने नेमकी अशीच होती. फरक इतकाच, की बंब आडवा निजवलेला आणि नळकांडे त्याच्या पोटातून जाऊन धुराड्याला भिडलेले. घरी अंघोळीला उशीर झाला तर चालते. इंजिनाचे तसे नाही. दट्ट्याच्या प्रत्येक हेलकाव्याला ताजी वाफ लागते. जुन्या बंबात ती पुरेशी होईना. चार पावले जोरात गेली की वाफ संपली, मग थांबा आणि पुन्हा तापवा. फ्रान्समध्येच कुन्यो नावाच्या लष्करी इंजिनियराने १७७० च्या सुमारास तोफा ओढायला तीनचाकी वाफेची गाडी केली होती. तीही याच रोगाने मागे पडली. ती गाडी अजून पॅरिसच्या संग्रहालयात आहे.

या अडचणीला हात घातला मार्क सेगँ याने. त्याचा जन्म १७८६ चा. फुग्यातून माणूस आकाशात पाठवणाऱ्या माँगोल्फिए बंधूंच्या घराण्यातली त्याची आई. सेगँ आधी पूल बांधणारा म्हणून गाजला. तारांवर तोललेला झुलता पूल त्याने ऱ्होन नदीवर १८२५ साली बांधला. पुढे सेंत-एतिएन या कोळशाच्या गावापासून ल्यों शहरापर्यंत सुमारे ५८ किलोमीटर लोहमार्ग बांधायचा मक्ता त्याच्या घराण्याला मिळाला. स्टीफन्सनच्या कारखान्यातून दोन इंजिने फ्रान्सला आणली गेली. सेगँने पाहिले, की यंत्र ठीक आहे, पण वाफ कमी पडते. तेव्हा त्याने विचार चाकांचा केला नाही, चुलीचा केला.

आपण पऱ्हाट्या आणि ओंडका यांत फरक करतोच ना! तेवढ्याच वजनाचा एक जाड ओंडका धुमसत राहतो आणि पऱ्हाटीचा भारा भडकन पेटतो, कारण भाऱ्याचे अंग जास्त, त्याला हवा चारी बाजूंनी लागते. सेगँने हेच पाण्याच्या बाबतीत केले. एका मोठ्या नळकांड्याऐवजी त्याने बंबात चाळीसच्या वर बारीक नळ्या बसवल्या. आगीचा ताप आणि धूर या सगळ्या नळ्यांतून वाहील, आणि प्रत्येक नळीभोवती पाणी असेल. हे पेटंट त्याला फेब्रुवारी १८२८ मध्ये मिळाले.

गुरुजींनी हे फळ्यावर मांडून दाखवावे, पोरांना वर्तुळाच्या गणिताचा एरवी कंटाळा येतो. पन्नास सेंटिमीटर व्यासाचे एक नळकांडे घ्या. तेवढाच धूर वाहून नेणाऱ्या, दहा सेंटिमीटर व्यासाच्या नळ्या किती लागतील? पन्नासाचा वर्ग २५००, दहाचा वर्ग १००, म्हणजे २५ नळ्या. आता घेर मोजा. एका नळकांड्याचा घेर पन्नास गुणिले पाय. पंचवीस नळ्यांचा मिळून अडीचशे गुणिले पाय. धुराची वाट तेवढीच राहिली, पण पाण्याला लागणारे तापलेले अंग पाचपट झाले. पाच सेंटिमीटरच्या शंभर नळ्या घेतल्या तर दहापट. शकुंतलेच्या इंजिनातला बंब असाच होता, आणि जगातले जवळजवळ प्रत्येक वाफेचे इंजिन शेवटपर्यंत याच जातीचे राहिले.

आता प्रामाणिकपणे दुसरी बाजू सांगितली पाहिजे. ऑक्टोबर १८२९ मध्ये इंग्लंडात रेनहिल येथे इंजिनांची शर्यत झाली, ती स्टीफन्सनच्या 'रॉकेट'ने जिंकली. त्या इंजिनातही तांब्याच्या २५ नळ्या होत्या. ती सूचना त्या रेल्वे कंपनीच्या हेन्री बूथ नावाच्या अधिकाऱ्याने केली होती. सेगँचे स्वतःचे इंजिन रुळावर आले नोव्हेंबर १८२९ मध्ये. म्हणजे पेटंट फ्रेंचाचे आधी, धावले इंग्रजाचे आधी. एकाने दुसऱ्याचे चोरले असे मला वाटत नाही. दोघांना एकच अडचण छळत होती आणि दोघांच्या हाताला एकच उपाय लागला.

मात्र एका गोष्टीत इंग्रजाने बाजी मारली, हे मान्य करावे लागेल. बारीक नळ्यांतून धूर सहज वाहत नाही, तो ओढून घ्यावा लागतो. चुलीला फुंकणी लागते तसे हे. सेगँने कोळशाच्या डब्यावर मोठाले पंखे बसवले आणि ते चाकांच्या आसावरून पट्ट्याने फिरवले. पण गाडी चढाला लागली, हळू झाली, की पंखेही हळू. म्हणजे गरज जास्त तेव्हाच फुंकर कमी! रॉकेटमध्ये काम करून आलेली वाफ धुराड्यात वर सोडली होती. ती जाताना आपल्याबरोबर धूर ओढून नेई. इंजिन जितके जोर करी तितकी फुंकर वाढे. मूर्तिजापूरच्या पोरांनी तोंडाने काढलेला छुक-छुक आवाज तो हाच. दट्ट्याने वापरून टाकलेली वाफ धुराड्यातून सुटतानाचा.

दुसरा फ्रेंच आंरी जिफार. हा माणूस मोठा हौशी. सप्टेंबर १८५२ मध्ये त्याने लांबट फुग्याला वाफेचे छोटे इंजिन बांधून पॅरिसहून त्राप गावापर्यंत, सुमारे २७ किलोमीटर उड्डाण केले. पण त्याचे खरे देणे जमिनीवरचे आहे. बंबातले पाणी वाफ होऊन संपत जाते, त्यात नवे पाणी घालायचे कसे? झाकण उघडून घागर ओतता येत नाही, आत वाफ कोंडलेली असते, उलट तीच अंगावर येईल. आधी इंजिनाच्या हालचालीवर चालणारे पंप असत. गाडी उभी राहिली की पंपही उभा. मग स्टेशनात नुसते पाणी भरण्यासाठी इंजिन मागेपुढे पळवायचे. आणि पाणी कमी पडून नळ्या उघड्या पडल्या तर बंब फुटण्याची भीती, ड्रायव्हर आणि आगवाला दोघांच्या जिवाशी खेळ.

जिफारने १८५८ साली एक उपकरण काढले, त्याला इंजेक्टर म्हणतात. त्यात फिरणारा भाग एकही नाही. बंबातलीच थोडी वाफ निमुळत्या तोंडातून जोरात सोडायची. ती थंड पाण्याला भेटते आणि क्षणात आटून पाणी होते, पण तिचा वेग ती त्या पाण्याला देऊन जाते. हे धावते पाणी पुढे रुंद होत जाणाऱ्या नळीत शिरले की त्याचा वेग कमी होतो आणि दाब वाढतो, बंबातल्या दाबाहूनही जास्त. मग ते मधली झडप लोटून आत घुसते. ऐकणारा म्हणेल, काय सांगता राजेहो, बंबाचीच वाफ बंबाविरुद्ध कशी जिंकेल? त्या काळच्या शहाण्या लोकांनाही हीच शंका आली होती. यात जादू नाही. वाफ आटताना आपली उष्णता सोडते, त्यातल्या थोड्या शक्तीवर हा जोर येतो, आणि बाकीची उष्णता गरम पाण्याबरोबर परत बंबातच जाते. इंग्लंडात हे उपकरण बनवण्याचा हक्क घेतला मँचेस्टरच्याच शार्प-स्ट्यूअर्ट कंपनीने. तिथून ते साऱ्या साम्राज्यातल्या इंजिनांवर चढले.

फ्रान्सने जगाला एक धडा फार मोठी किंमत देऊन शिकवला, तोही सांगतो. ८ मे १८४२, रविवार. व्हर्सायला कारंज्यांचा उत्सव होता. परतणाऱ्या गाडीला दोन इंजिने पुढे जोडली होती. म्यूदों गावाजवळ पहिल्या इंजिनाचा आस मोडला, दुसरे त्यावर चढले, डबे एकावर एक आले आणि पेटले. त्या काळी प्रवाशांनी धावत्या गाडीतून उतरू नये म्हणून दारांना बाहेरून कुलूप लावीत. पन्नासाहून अधिक माणसे आत जळून गेली. दक्षिण ध्रुवाकडच्या समुद्रातून सुखरूप परत आलेला द्युमाँ द्युर्विल हा दर्यावर्दी बायको-मुलासह त्यात होता. यानंतर कुलपाची रीत फ्रान्समध्ये बंद झाली. आणि दुसरे म्हणजे, चांगले दिसणारे लोखंड रोजच्या हेलकाव्यांनी आतून थकते, त्याला बारीक चीर पडते, याचा अभ्यास इंजिनियर लोकांनी मनावर घेतला. बडनेरा, अकोला स्टेशनांवर लांब दांड्याचा हातोडा घेऊन चाके ठोकत फिरणारा माणूस जुन्या प्रवाशांना आठवत असेल. ठण्ण वाजले तर चाक शाबूत, बद्द वाजले तर चीर. आपण मडके घेताना वाजवून पाहतो, तेच.

आता पैशाची गोष्ट, कारण लोहमार्ग वाफेइतकाच पैशावर चालतो. त्याच १८४२ च्या जूनमध्ये फ्रान्सने कायदा केला, की जमीन, भराव, पूल सरकारने द्यावेत आणि रूळ, इंजिने, डबे कंपनीने घालावेत. आपल्याकडे जी. आय. पी. रेल्वेला जमीन फुकट मिळाली आणि भांडवलावर पाच टक्के व्याजाची हमी. नफा झाला तर कंपनीचा, तूट आली तर ती भरायची हिंदुस्थानच्या रयतेने. दोन्ही ठिकाणी सरकारने हात दिला, पण फ्रान्समधला मार्ग निदान त्याच देशासाठी होता.

वऱ्हाडात ही रेल्वे आली ती कापसासाठी. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध झाले, तिकडची रुई थांबली, आणि मँचेस्टरच्या गिरण्यांचे डोळे अकोला-अमरावतीकडे वळले. १८६७ मध्ये रूळ नागपूरला पोचले. जलंबहून खामगावचा फाटा १८७० साली झाला, कारण खामगावची कापसाची पेठ मोठी. पुढे विसाव्या शतकाच्या पहिल्या वीस वर्षांत मुंबईच्या किलिक-निक्सन कंपनीने मूर्तिजापूरचे छोटे फाटे घातले, तेही गाठी वाहून न्यायला. आपली रुई मँचेस्टरला गेली आणि मँचेस्टरचे इंजिन ती ओढायला इकडे आले, असा हा फेरा.

रुंदीचा घोळ मात्र आपल्याला भोवला. मोठी लाईन साडेपाच फुटांची. छोटी अडीच फुटांची. आणि अकोल्याहून खांडवा व पूर्णेकडे जाणारी तिसरी, एक मीटरची. हा मीटरही फ्रान्सचाच. १८७० च्या सुमारास लॉर्ड मेयोच्या सरकारला वाटले, की हिंदुस्थानात लवकरच दशमान मापे येणार, म्हणून स्वस्त लाईनीची रुंदी मीटरमध्ये धरली. मापे आली ती स्वातंत्र्यानंतर, १९५६ च्या कायद्याने! पन्नास किलोमीटरच्या आत तीन रुंद्या झाल्या. एका लाईनीचा डबा दुसरीवर जाईना. प्रत्येक गाठ मूर्तिजापूरला हमालाने पाठीवर घेऊन या डब्यातून त्या डब्यात टाकायची, आणि ती मजुरी शेवटी शेतकऱ्याच्या भावातून वजा व्हायची.

अकोला-पूर्णा मार्ग २००८ साली रुंद झाला. शकुंतलेचे तसे झाले नाही. देशातल्या बाकी रेल्वे सरकारच्या झाल्या, तरी हे रूळ कंपनीच्याच नावावर राहिले आणि गाडी सरकारी रेल्वे चालवीत राहिली. मालक एक, चालवणारा दुसरा. असल्या घरात डागडुजी कोण करणार? रूळ खिळखिळे होत गेले, वेग कमी करावा लागला, आणि अलीकडच्या वर्षांत दोन्ही फाट्यांवरची गाडी थांबली. रुंदीकरणाची घोषणा झालेली आहे. दर्यापूर-अंजनगावकडचा माणूस आज एस.टी.ने किंवा मिळेल त्या वाहनाने जातो, आणि शकुंतलेच्या तिकिटाला जेवढे पैसे पडत, त्याहून पुष्कळ जास्त मोजतो.