अंगणातली गाडी आणि घरातली भाकरी

महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. गाडीतच पलंग, गाडीतच स्वयंपाक, मन मानेल तिथे मुक्काम. पैसेवाल्यांना याचे केवढे अप्रूप! आमच्या लोकांना यात नवे ते काय? सहा डिसेंबरला चैत्यभूमीकडे आणि वीस मार्चला महाडकडे निघणारे टेम्पो पाहा. हौद्यात सतरंज्या, कोपऱ्यात गॅसची शेगडी, पाण्याचे पिंप, वर ताडपत्री, पुढे निळा झेंडा. लॉजच्या काउंटरवर आडनाव सांगून समोरच्याचा चेहरा बदलताना पाहायला नको, ही त्यातली मोठी सोय.

असाच एक टेम्पो घेऊन आम्ही तीन कुटुंबे १९ मार्चच्या संध्याकाळी तुडीलला मुक्कामाला गेलो. तुडील महाड तालुक्यातले, खाडीपट्ट्यातले. महाडहून म्हाप्रळमार्गे मंडणगडकडे आणि पुढे बाबासाहेबांच्या आंबडव्याकडे जाणारा रस्ता याच पट्ट्यातून जातो. तेव्हा चवदार तळे आणि आंबडवे दोन्ही करायचे तर मुक्कामाला गाव सोयीचे. शिवाय आमचा जिवाभावाचा मित्र तिथे. मुंबईच्या चाळीत वीस वर्षे भिंतीला भिंत लावून राहिलेला, निवृत्त होऊन गावी परतलेला.

आम्ही मोठ्या शहाणपणाने ठरवून गेलो होतो. तेरा माणसे, मार्च महिना, विहिरी तळाला गेलेल्या. मित्राच्या घरावर भार टाकायचा नाही. झोपायचे गाडीत, रांधायचे गाडीपाशी, मित्राचे फक्त अंगण वापरायचे. त्याप्रमाणे पोचताच बायकांनी शेगडी उतरवली आणि तांदूळ धुवायला घेतले. वहिनी दारात आल्या, बघत राहिल्या आणि काही न बोलता आत गेल्या. मग मित्राची आई काठी टेकत बाहेर आली. ऐंशीच्या पुढची बाई. शेगडीकडे पाहून म्हणाली, "आमच्या घरचं खाल्लं तर बाटता का रं तुमी?"

आमच्या हातापायातले बळच गेले. आम्ही वाचवायला गेलो होतो पाणी, आणि म्हातारीला दिसली ती जात. तिचे काय चुकले? सवर्ण पाहुणा गावात येई तो आपला शिधा, आपली भांडी घेऊन येई आणि महारवाड्याच्या सावलीलाही उभा राहत नसे. ते पाहिलेल्या, ऐकलेल्या पिढीला वेगळ्या चुलीचा दुसरा अर्थ ठाऊकच नाही.

आपल्या चळवळीत पाहुणचाराला किती वजन आहे, हे बाबासाहेबांच्या ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींत सापडते. १९२९ साली ते चाळीसगावला उतरले. तिथल्या महारवाड्यातल्या लोकांनी रात्री राहण्याचा आग्रह केला. वस्ती नदीपलीकडे, आणि टांगेवाले महाराला बसवून न्यायला तयार नाहीत. एवढा मोठा पाहुणा पायी कसा न्यायचा? लोकांनी टांगा भाड्याने घेतला आणि आपल्यातलाच एक जण हाकायला बसवला. त्याला टांगा हाकायची सवय नव्हती. पुलावर चाक अडकले, बाबासाहेब दगडांवर फेकले गेले, पाय मोडला, टांगा घोड्यासकट नदीत गेला. पाहुण्याचा मान राखण्याच्या नादात पाहुण्याचा जीव जाता जाता वाचला!

१९३४ साली बाबासाहेब सुमारे तीस सहकाऱ्यांसह बसने वेरूळची लेणी पाहायला निघाले. वाटेत त्रास नको म्हणून दौरा गुप्त ठेवला होता. जिथे थांबायचे तिथल्याच आपल्या लोकांना कळवले होते. दौलताबादला आपली माणसे चहा-फराळ घेऊन वाट पाहत होती. पण अंधार पडण्याआधी किल्ला गाठायचा म्हणून मंडळी पुढे गेली. किल्ल्यापाशी हौदाच्या पाण्याने हातपाय धुतले आणि हौद बाटवला म्हणून गर्दी अंगावर आली. गाडी कितीही चांगली असो, ती थांबते तिथे आपले कोणी आहे की नाही, हाच प्रश्न उरतो. अमेरिकेतल्या काळ्या लोकांनाही तो पडला होता. न्यूयॉर्कचा टपालवाला व्हिक्टर ग्रीन याने १९३६ पासून मोटारीने हिंडणाऱ्या काळ्या प्रवाशांसाठी मार्गदर्शिका काढली. काळ्या प्रवाशाला कुठे खोली मिळेल, कोणाच्या घरात उतरता येईल, याचे पत्ते त्यात असत. आपल्याकडे असे पुस्तक निघाले नाही. आपले पत्ते तोंडोतोंडीच गेले.

महाडचेच बघा. मार्च १९२७ च्या परिषदेसाठी पाणीसुद्धा चाळीस रुपयांना विकत घ्यावे लागले. तळ्यावरून परतलेल्या लोकांवर हल्ला झाला, तेव्हा काहींना मुसलमानांच्या घरांनी आसरा दिला. डिसेंबरच्या परिषदेला मंडपासाठी जागा मिळेना, ती फत्तेखान यांनी दिली. मोटारवाले ऐनवेळी नाकारतील म्हणून बाबासाहेब आणि मंडळी ‘पद्मावती’ बोटीने निघून दासगाव बंदरात उतरली. मोटार नाही मिळाली तर तिथून महाड पायी गाठता येईल, हा हिशेब. तो सत्याग्रह भाषणांवर जेवढा उभा होता तेवढाच गावोगावच्या भाकरीवर आणि ओसरीवर उभा होता. इतिहास लिहिणाऱ्यांनी ओसऱ्यांची नावे लिहिली नाहीत, हा भाग वेगळा.

तर आम्ही शेगडी बंद केली. धुतलेले तांदूळ वहिनींच्या स्वाधीन केले. त्यांनी ते आपल्याच चुलीवर चढवले, सोबत तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकटीचे कालवण. तेरा पाहुणे आणि घरचे सात, दोन पंगती उठल्या. म्हातारी शेवटपर्यंत उंबऱ्यात बसून कोणी कमी खाल्ले ते मोजत होती.

मात्र एक गोष्ट आम्ही नजरेआड करू शकलो नाही. पहाटे चार वाजता वहिनी आणि त्यांची सून हंडे घेऊन विहिरीकडे निघाल्या होत्या. आमच्या तेरा तोंडांचे पाणी त्यांच्या डोक्यावरून येणार होते. पाण्याच्या सत्याग्रहाचा दिवस साजरा करायला आलेले पाहुणे घरातल्या बाईच्या मानेवर आणखी चार खेपा चढवतात आणि मग तळ्यावर जाऊन घोषणा देतात, हे कसे चालायचे? आम्ही पुरुष मंडळी उठलो, टेम्पोतले पिंप खाली घेतले आणि त्यांच्या हंड्या-कळशांत ओतले. वहिनी नको नको म्हणत होत्या. आमच्या हातचे पाणी चालत नाही का, असे विचारल्यावर हसल्या आणि बाजूला झाल्या.

२० मार्च २०२७ रोजी चवदार तळ्याच्या सत्याग्रहाला शंभर वर्षे पुरी होतात. गाड्या किती येतील याची मोजदाद नको. महाडच्या आसपासच्या प्रत्येक बौद्धवाडीत कोणाचा ना कोणाचा चाळीतला मित्र, बहिणीचे सासर, कामावरचा सोबती असेलच. सगळे त्याच अंगणांत शिरणार. संघटना व्यासपीठाच्या खुर्च्यांवरून भांडण्यात गुंतल्या आहेत, त्यांना वाडीतल्या विहिरीचा तळ दिसणे अवघड. तेव्हा ज्याने त्याने आपापल्या मित्राशीच बोलून घ्यावे.

आम्ही निघताना मित्राला विचारलेच, "पुढच्या खेपेला काय आणू?" तो टेम्पोची फळी लावत म्हणाला, "किती जण ते आठवडाभर आधी कळव. पिंपं दोन आण, भरून. शेगडी घरीच ठेव."