गाडीचा हॉर्न मुका झाला तर धावत जाऊन नवा घेऊ नका



आज मासळीचे दर नाहीत, डिझेल नाही, आज गाडीच्या हॉर्नबद्दल लिहितोय. हसू नका. गेल्या पावसाळ्यात हा विषय आमच्या अंगावर आला होता. तुमच्यावर येऊ नये म्हणून सगळं सविस्तर सांगतो.

गावात मासळी आली हे लोकांना कळतं ते हॉर्नवरूनच. सकाळी आधी पोदेराचा रबरी भोंगा 'पों पों' करत जातो, तो पावाचा. मग थोड्या वेळाने वाजतो तो आपला. घरातल्या बाया आवाजावरून गाडी ओळखतात आणि ताट घेऊन दारात येतात. हॉर्न बंद म्हणजे अर्धा धंदा बंद. पण आमची गोष्ट धंद्याची नाही, वळणाची आहे.

आमच्याकडे मासळी आणायला एक जुनी पांढरी व्हॅन आहे. जुलैतला दिवस, सकाळचे साडेसात, पाऊस चालू. धारगळहून आत वळून चांदेल, हसापूर करत गाडी इब्रामपूरकडे येत होती. हे रस्ते तुम्हाला माहीतच आहेत. एका बाजूला गडगा, दुसऱ्या बाजूला पावसात माजलेलं रान, आणि वळणापलीकडचं काही दिसत नाही. चालवणारा आपलाच सभासद, रोजचा. वळणावर त्याने सवयीने हॉर्न दाबला. आवाजच नाही! समोरून स्कूटरवर बाप आणि मागे गणवेशातली मुलगी. याने गाडी गडग्याला घासली, त्याने स्कूटर गटाराकडे घेतली. मुलीचं दप्तर चिखलात पडलं, एवढ्यावर निभावलं.

खरं सांगायचं तर हॉर्न आठवडाभर कुरकुरत होता. कधी वाजायचा, कधी नुसता 'खर्र' करायचा. आम्ही म्हणत होतो, बघू नंतर. चूक आमची.

आम्ही आधी काय केलं (आणि काय करायला नको होतं)

दुसऱ्याच दिवशी नवा हॉर्न आणून लावला. दोन दिवस वाजला, तिसऱ्या दिवशी परत 'खर्र'. एक गॅरेजवाला म्हणाला, स्टिअरिंग खोलावं लागेल. दुसरा म्हणाला, सगळं वायरिंग बदला, गाडी जुनी आहे. शेवटी एका संध्याकाळी आम्ही दोघं-तिघं स्वतःच बसलो. एक बल्ब, दोन वायरी, दहाचा पाना आणि पॉलिश पेपर. दीड तासात दोष सापडला. नव्या हॉर्नचे पैसे फुकट गेले, कारण जुना हॉर्न ठणठणीत होता.

आधी वीज कुठून कुठे जाते ते बघा

बॅटरीच्या प्लसमधून वीज निघते, फ्यूजमधून जाते, हॉर्नमध्ये येते आणि बॅटरीच्या मायनसला परत जाते. परत जायला वेगळी वायर नसते, गाडीचा पत्राच वायरीचं काम करतो. यालाच आपण बॉडी अर्थ म्हणतो. हॉर्नचं बटण या वाटेवरचा दरवाजा आहे. काही गाड्यांत बटण आणि हॉर्नच्या मधे रिले असतो. बटण फक्त रिलेला चालू करतं, मोठा करंट रिलेमधून जातो.

साधा चपटा हॉर्न साधारण ४ ते ५ अँपिअर खातो. आत एक विद्युतचुंबक, एक पोलादी पडदा आणि एक पॉइंट असतो. चुंबक पडद्याला ओढतो, ओढल्याबरोबर पॉइंट सुटतो, पडदा मागे येतो, पॉइंट पुन्हा जुळतो. हे सेकंदाला चारशेच्या आसपास वेळा होतं, त्याचाच आवाज येतो. करंट कमी पडला की पडदा नीट हलत नाही, आणि मग तो 'खर्र'.

आवाज कसा आहे ते आधी ऐका

एकाने आत बसून बटण दाबायचं, दुसऱ्याने पुढे उभं राहायचं.

काहीच आवाज नाही: फ्यूज, वायर, बटण किंवा रिले.

रिलेचा 'टक्' येतो पण हॉर्न वाजत नाही: रिलेचे आतले पॉइंट, हॉर्नची वायर, अर्थ किंवा हॉर्न.

घोगरा किंवा बारीक आवाज: बहुतेक अर्थ किंवा गंजलेलं कनेक्शन, नाहीतर हॉर्नमध्ये पाणी.

इंजिन चालू असताना बरा, बंद असताना बारीक: आधी बॅटरी बघा. इंजिन चालू असताना चार्जिंग १४ व्होल्टच्या आसपास असतं, म्हणून कमजोर बॅटरीचा दोष झाकला जातो.

स्टिअरिंग वळवल्यावरच वाजतो किंवा बंद होतो: दोष स्टिअरिंगखालच्या पितळी कड्यात किंवा स्प्रिंगच्या टोकात.

आता क्रमाने तपासा

१) फ्यूज. हॉर्नचा फ्यूज कुठला ते फ्यूजच्या झाकणावर लिहिलेलं असतं. पुष्कळ गाड्यांत त्याच फ्यूजवर आणखी एखादी गोष्ट असते, तीही बंद असेल तर दोष तिथेच. फ्यूज जळला असेल तर तेवढ्याच अँपिअरचा घाला. सिगारेटच्या पाकिटाची चांदी किंवा तांब्याची तार गुंडाळू नका, वायर पेटते आणि मागे गाडी. नवा फ्यूजही लगेच जळला तर कुठेतरी वायर सोलून पत्र्याला लागली आहे, ती आधी शोधा.

२) हॉर्न थेट बॅटरीवर. हॉर्नची वायर काढा. बॅटरीच्या प्लसवरून मधे फ्यूज घालून एक वायर हॉर्नला, मायनसवरून दुसरी वायर हॉर्नच्या दुसऱ्या टोकाला द्या. टोक एकच असेल तर मायनस हॉर्नच्या पट्टीला. खणखणीत वाजला तर हॉर्न चांगला आहे, नवा घेऊ नका. आम्ही हे पहिल्या दिवशी केलं असतं तर पैसे वाचले असते.

३) वीज येते का? १२ व्होल्टच्या बल्बला दोन वायरी जोडा, हाच आपला टेस्ट लॅम्प. हॉर्नला एकच वायर असेल तर लॅम्पचं एक टोक बॅटरीच्या मायनसला, दुसरं त्या वायरीला धरा आणि बटण दाबायला सांगा. पेटला तर वीज इथपर्यंत येते. हॉर्नला दोन वायरी असतील आणि रिले नसेल तर बहुतेक वेळा एका वायरीत वीज कायम असते आणि बटण दुसरीला अर्थ देतं. तिथे लॅम्पचं एक टोक बॅटरीच्या प्लसला लावून दुसरं बटणाच्या वायरीला धरा, बटण दाबल्यावर पेटला पाहिजे.

४) अर्थ. आम्ही फसलो ते इथे. आमच्या हॉर्नला एकच वायर होती, परतीची वाट पट्टीतून आणि बोल्टातून. आम्ही लॅम्पचं एक टोक बॅटरीच्या प्लसला, दुसरं हॉर्नच्या पट्टीला लावलं. लॅम्प पेटला. आम्ही म्हटलं, अर्थ चांगला आहे, आणि तासभर भलतीकडे शोधत बसलो.

चूक बल्बची होती. आमचा बल्ब डॅशबोर्डमधला, ३ वॅटचा. त्याला पाव अँपिअर पुरतो. गंजलेल्या बोल्टातून तेवढा करंट आरामात जातो, पण हॉर्नला लागतात ४-५ अँपिअर, ते जात नाहीत. मग एकाला सुचलं आणि त्याने इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब लावला. तो पावणेदोन अँपिअर ओढतो. थेट बॅटरीवर लख्ख पेटला, पट्टीवर धरल्यावर निखाऱ्यासारखा लाल. दोष हातात आला. म्हणून टेस्ट लॅम्पला २१ वॅटचाच बल्ब लावा, आणि नुसता पेटला का ते बघू नका, किती पेटला ते बघा. फक्त एअरबॅगच्या किंवा कॉम्प्युटर असलेल्या नव्या गाडीत हा मोठा बल्ब कुठल्याही वायरीला लावू नका.

पट्टी खोलली. बोल्टाभोवती गंजाचा पापुद्रा, त्यावर सुकलेलं मीठ. मासळीची गाडी जेटीवर उभी राहते, खारं वारं लागतं, पावसात चाकांचं पाणी पुढच्या बंपरमागे उडतं. हॉर्न नेमका तिथेच. नवा हॉर्न दोन दिवस का वाजला तेही कळलं. बसवताना बोल्ट आवळला, गंज थोडा खरवडला गेला, पुन्हा पाणी लागलं आणि पुन्हा बंद.

बॅटरीची मायनस वायर आधी काढली. पट्टी आणि पत्रा पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासला. नवा बोल्ट आणि दातेरी वॉशर लावला. शिवाय पट्टीपासून बॅटरीच्या मायनसपर्यंत वेगळी वायर ओढली, दोन्ही टोकांना थिंबल दाबून. जोडणी पक्की झाल्यावर वरून ग्रीस लावलं. ग्रीस आधी आणि जोडणी नंतर असं करू नका. जुनाच हॉर्न परत बसवला आणि तो पहिल्यासारखा वाजला.

५) रिले. वायरीत वीजच येत नसेल तर इथे या. शेजारी त्याच नंबरचा रिले असेल तर अदलाबदल करून बघा. रिलेच्या पायांवर आकडे असतात. ३० म्हणजे येणारी वीज, ८७ म्हणजे हॉर्नकडे जाणारी, ८५ आणि ८६ बटणाकडचे. रिले काढून त्याच्या जागेतले ३० आणि ८७ वायरीच्या तुकड्याने क्षणभर जोडा. हॉर्न वाजला तर पुढची वाट ठीक आहे, दोष रिलेत किंवा बटणाकडे.

६) बटण. जुन्या गाडीत स्टिअरिंगची मधली टोपी निघते. आतलं पितळी कडं आणि स्प्रिंगचं टोक काळं पडलेलं असतं, बारीक पेपरने पुसा. पण लक्षात ठेवा, स्टिअरिंगवर एअरबॅगची खूण असेल तर अजिबात हात लावू नका. ते जाणकाराचंच काम.

७) हॉर्नचा स्क्रू. थेट बॅटरीवरही आवाज घोगरा असेल तर मागचा छोटा स्क्रू बघा. तो आतल्या पॉइंटचा आहे. जुनी जागा रंगाने खूण करून ठेवा आणि थोडा-थोडा, पाव फेऱ्याच्या आतच फिरवा. सुधारला नाही तर पडदा गंजलाय, तेव्हा मात्र नवा घ्या. बसवताना तोंड खाली राहील असं बसवा, पाणी साचत नाही.

आणि हॉर्न वाजतच राहिला तर? घाबरून वायरी तोडू नका. फ्यूज किंवा रिले काढा. रिले काढल्यावर थांबला तर रिले चिकटलाय किंवा बटणाची वायर पत्र्याला लागली आहे.

होडीवाल्यांसाठी

गाडीचा एका वायरीचा हॉर्न फायबरच्या होडीवर बसवला आणि वाजला नाही, अशी तक्रार घेऊन लोक येतात. फायबर किंवा लाकूड अर्थ देत नाही! तिथे पट्टीपासून बॅटरीच्या मायनसपर्यंत वेगळी वायर लागतेच. हेही लक्षात असू द्या की समुद्रावर भोंग्याला भाषा आहे. १९७२ च्या आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे समोर बोट दिसत असताना एक आखूड भोंगा म्हणजे मी उजवीकडे वळतोय, दोन म्हणजे डावीकडे, तीन म्हणजे इंजिन मागे चालवतोय, पाच म्हणजे तुझं काय चाललंय ते मला कळत नाही. धुक्यात किंवा जोराच्या पावसात मासेमारी करणाऱ्या बोटीने एक लांब, दोन आखूड, असं दोन मिनिटांच्या आत पुन्हा पुन्हा द्यायचं. १२ मीटर आणि त्याहून मोठ्या बोटीला भोंगा हवाच. छोट्या होडीवरही जोराचा आवाज करायला काहीतरी हवं.

मोठा हॉर्न लावायचा मोह

आमचा हॉर्न दुरुस्त झाल्यावर तरुण पोरं म्हणाली, आता ट्रकचा लावूया. नको. एक म्हणजे बटण जळतं, दोन हॉर्न ८-१० अँपिअर ओढतात, रिलेशिवाय लावायचेच नाहीत. दुसरं म्हणजे कायदा. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला ११९ वा नियम सांगतो की गाडीला पुरेशी सूचना देणारा हॉर्न हवा, पण वेगवेगळे सूर काढणारा किंवा कर्कश नको. विनाकारण वाजवत राहिलात तर कलम १९४-एफ खाली पहिल्यांदा १००० रुपये आणि पुन्हा केल्यास २००० रुपये दंड आहे. वळणाआधी एक छोटा 'पीं' पुरतो. फक्त तो वाजला पाहिजे.

१ जून ते ३१ जुलै या बंदीच्या ६१ दिवसांत आपण जाळी विणतो, होडीला रंग लावतो, इंजिन खोलतो. गाडीचं मात्र कोणाच्या लक्षात येत नाही. यंदा त्या यादीत हॉर्नचा बोल्ट लिहून ठेवा. घासायला अर्धा तास लागतो.

२१ वॅटचा टेस्ट लॅम्प आम्ही कार्यालयातल्या कपाटात ठेवलाय. कोणीही घेऊन जावा, काम झालं की परत आणून द्यावा. आणि उद्या सकाळी गाडी काढण्याआधी घराजवळच एकदा हॉर्न दाबून बघा. पहिल्यांदा दाबायची जागा वळण नव्हे.

आपला,
सचिव