जर्मनीच्या काळ्या जंगलात एक रविवार

गेल्या मे महिन्याच्या अखेरीस आम्ही घरच्या मंडळींसह एका सहल कंपनीबरोबर युरोपला जाऊन आलो. आमचे थोरले बंधू, भाभी आणि त्यांचा मुलगा असे तिघेही बरोबर होते. भाईजान मिरजेत सतार-तंबोऱ्याचे काम करतात. पॅरिसच्या मनोऱ्याची वर्णने वाचकांनी पुष्कळ वाचली असतील, ती आम्ही पुन्हा देत नाही. जर्मनीतला एक दिवस मात्र या पानावर देण्याजोगा आहे.

त्या दिवशी मुक्काम हायडेलबर्गला होता. या दिवसांत तेथे सूर्य साडेपाचच्या आत उगवतो आणि रात्री नऊनंतर मावळतो, त्यामुळे फजर फार लवकर आणि ईशा फार उशिरा. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. आपल्याकडे किबला पश्चिमेला, तर जर्मनीत तो आग्नेयेला येतो. पहिल्या दिवशी आमच्या भाभी सवयीने पश्चिमेकडेच मुसल्ला अंथरून बसल्या होत्या.

आठच्या ठोक्याला बस सुटली. येथे ड्रायव्हरला साडेचार तास गाडी चालवली की पाऊण तास विश्रांती घ्यावीच लागते. गाडीतल्या यंत्रात सगळी नोंद होते, म्हणून गाईड मिनिटामिनिटाचा हिशेब ठेवतो. हमरस्त्यावरच्या थांब्यावर शौचालयाला एक युरो पडतो. प्लास्टिकच्या पाण्याच्या बाटलीवर २५ सेंट अनामत असते. रिकामी बाटली दुकानात परत केली की पैसे मिळतात. मुलांना हे कळताच त्यांनी बसमधल्या सगळ्या बाटल्या गोळा केल्या. तो रविवार होता. जर्मनीत रविवारी दुकाने कायद्याने बंद असतात, पण प्रवासी गावांना सूट आहे, त्यामुळे आमची खरेदी हुकली नाही.

फ्रायबुर्गच्या पुढे एक अरुंद घाट लागतो आणि घाट चढून वर गेले की टिटीझे नावाचे तळे येते. हा सारा मुलूख श्वार्झवाल्ड, म्हणजे काळे जंगल. आपल्या बेकरीत मिळणारा ब्लॅक फॉरेस्ट केक तो याच नावाचा. मुलांनी तो मागितला, पण अस्सल केकमध्ये चेरीची दारू घालतात आणि तिची चव लागलीच पाहिजे असा तेथला नियमच आहे. मुले हिरमुसली. जेवण सहलीतर्फे शाकाहारी होते. मांसाहार हलाल हवा असेल तर पैसे भरण्यापूर्वीच कंपनीकडून लेखी घ्यावे. आदल्या रात्री आम्ही एका तुर्की दुकानात जेवलो होतो. १९६१ च्या करारानंतर तुर्की कामगार जर्मनीत आले, त्यामुळे आता बहुतेक शहरांत अशी दुकाने सापडतात.

जेवणानंतर गाईडने सर्वांना घड्याळांच्या दुकानात नेले. सहल कंपन्या आणि असली दुकाने यांच्यात काय ठरलेले असते ते आम्ही विचारले नाही. धंद्यातल्या वाचकांना ते सांगायलाही नको. भिंतभर कुक्कू घड्याळे. तास झाला की वरचे दार उघडते आणि लाकडी पक्षी बाहेर येऊन ओरडतो. एका बाईंनी आम्हाला बाकांवर बसवले आणि एक घड्याळ मागून उघडून दाखवले. आत पितळी चाके, बाहेर साखळीला लोंबणारी पाइनच्या फळाच्या आकाराची लोखंडी वजने, आणि पक्ष्याच्या आवाजासाठी दोन लाकडी नळ्या व दोन छोटे भाते. एक भाता उंच सूर काढतो, दुसरा खालचा. काही घड्याळांना रोज साखळी ओढावी लागते, काहींना आठ दिवसांनी. बॅटरीवर चालणारी कोणती आणि यांत्रिक कोणती, हे बाईंनी कोणी न विचारता सांगितले. येथल्या घड्याळवाल्यांचा एक संघ आहे. घड्याळ यांत्रिक असेल आणि त्याचे महत्त्वाचे भाग काळ्या जंगलातच बनलेले असतील, तरच संघाचा दाखला मिळतो. दाखल्याचा कागद घड्याळाबरोबरच गिऱ्हाइकाच्या हाती पडतो.

या धंद्याची मागची हकीकत कारागीर बंधूंनी समजून घ्यावी अशी आहे. या डोंगरात शेती वाटून न देता एकाच वारसाकडे जायची. बाकीच्या भावांना पोटासाठी दुसरे काम शोधावे लागे. बर्फाचे महिने घरात बसून ते लाकडी घड्याळे करू लागले. एकजण चाके कापायचा, दुसरा घंटा ओतायचा, तिसरा तबकडी रंगवायचा. फेरीवाले पाठीवर लाकडी चौकट बांधून तो माल इंग्लंड, रशिया, तुर्कस्तानपर्यंत नेत. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला अमेरिकेतून कारखान्यात बनलेली स्वस्त घड्याळे आली आणि घराघरांतले काम बसू लागले.

तेव्हा बाडेन सरकारने १८५० मध्ये फुर्टवांगेन गावी घड्याळाची शाळा काढली. तिचे पहिले प्रमुख रोबर्ट गेरविग हे इंजिनियर होते. त्यांनी त्याच वर्षी घड्याळाच्या नव्या नमुन्यांसाठी जाहीर आवाहन केले. रेल्वेची स्टेशने बांधणारे वास्तुकार फ्रीडरिख आयझेनलोर यांनी रुळाशेजारच्या चौकीदाराच्या घराचा नमुना पाठवला. उतरते छप्पर आणि वेलबुट्टी असलेले जे कुक्कू घड्याळ आज जगभर ओळखले जाते, ते त्याच नमुन्यावरून आले. पक्षी, चाके आणि भाते आधीपासूनच होते. बाहेरचे रूप बदलले आणि धंदा टिकला.

भाईजान सगळा वेळ गप्प होते. त्यांनी पेटीवरच्या कोरीव पानावरून बोट फिरवले आणि म्हणाले, "हे लिंडेनचे लाकूड, मऊ. हात चांगला आहे." मग बाहेर बाकावर बसल्यावर मनातले बोलले. मिरजेत शिकलगार घराण्यांनी हत्यारांचे काम सोडून तंतुवाद्ये हाती घेतली तीही एकोणिसाव्या शतकातच. "मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले," ते म्हणाले, "पण आमच्या दुकानात आलेल्या गिऱ्हाइकाला ते कोण समजावतो? मीसुद्धा नाही."

त्यांच्या मुलाने कॉम्प्युटरचा कोर्स केला आहे आणि तो कारखान्यात बसायला तयार नाही. हा बाप-लेकांतला दोन वर्षांचा वाद आम्हाला ठाऊक होता, म्हणून आम्ही मध्ये बोललो नाही. मुलगाच म्हणाला, "अब्बा, आपण आत होतो तेवढ्यात चार बस आल्या. त्यांनी आधी पंधरा मिनिटे शाळा घेतली, मग किंमत सांगितली. आपल्याकडे भोपळा कसा वाळवतात, जवारी कशी लावतात हे कोणी बघायला मागितले तर आपण त्याला उभे करतो का?" भाईजाननी उत्तर दिले नाही. ते परत आत गेले आणि २४० युरोचे एक घड्याळ घेऊन आले. साधी यांत्रिक घड्याळे दीडशे-दोनशे युरोपासून मिळतात, मोठ्या कोरीव कामाची किंमत हजारांत जाते.

आता आमची एक चूक सांगतो. जर्मनीत किमतीत १९ टक्के कर धरलेला असतो. युरोपीय संघाबाहेर राहणाऱ्याने एका दुकानात ५० युरोंहून अधिक खरेदी केली आणि माल तीन महिन्यांत संघाबाहेर नेला, तर तो परत मिळू शकतो. भाईजानच्या घड्याळात असा कर सुमारे ३८ युरो होता. दलालीचे पैसे कापून जातात, तरी बराच भाग हाती येतो. त्यासाठी दुकानातून पासपोर्ट दाखवून फॉर्म घ्यावा लागतो आणि संघाची हद्द सोडताना कस्टमचा शिक्का लागतो. स्वित्झर्लंड संघात नाही. आमची बस त्याच संध्याकाळी सरहद्द ओलांडून गेली. गाईडने तसे सांगितलेही होते, पण घड्याळ सामानाच्या पोटात गेले होते आणि आम्ही समजलो की परतीच्या वेळी झुरिकच्या विमानतळावर शिक्का मिळेल. तेथे तो मिळाला नाही. वाचकांनी घेतलेला माल बसमध्ये हाताशी ठेवावा आणि सरहद्दीवर गाईडला गाडी थांबवायला लावावी.

त्या रात्री ऱ्हाइनच्या धबधब्याजवळच्या हॉटेलात भाईजाननी घड्याळाची मागची फळी काढली. हार्मोनियमच्या भात्यासारखाच भाता आहे, फक्त बोटाएवढा, असे ते म्हणाले. त्यांनी तार हलकेच उचलली आणि दोन्ही सूर वाजले. पुतण्या मोबाईलचा उजेड धरून उभा होता. मग त्याने उजेड आमच्या हाती दिला आणि एक नळी दुसरीपेक्षा किती आखूड आहे ते बोटाने मोजू लागला. ईशाला अजून अवकाश होता.