शीतलन पंखा, एंजिनाचा
जलशीतित एंजिनातील तापलेले पाणी ज्या रेडिएटरमध्ये निवते, त्यातून हवा वाहती ठेवणारा पंखा. जुन्या मोटारगाड्यांत तो बहुधा पाण्याच्या पंपाच्या दंडावरच बसविलेला असून एंजिनाच्या मुख्य दंडावरील कप्पीवरून पट्ट्याने फिरविला जाई. पुढे त्याऐवजी विद्युत् चलित्रावर चालणारा पंखा रूढ झाला.

यांत्रिक पंख्याची गती एंजिनाच्या गतीशी निगडित असते, शीतलनाच्या गरजेशी नव्हे. गाडी रहदारीत अडकली असता पंख्याची गरज मोठी असते, पण तेव्हाच तो मंद फिरतो. उलट भरधाव गाडीत समोरून येणारी हवा सामान्यतः पुरेशी असूनही तो वेगाने फिरत राहतो. पंख्याला लागणारी शक्ती त्याच्या गतीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. गती दर मिनिटास ८०० फेऱ्यांवरून ४,००० झाल्यास ही शक्ती सु. १२५ पट होते.

विद्युत् पंखा पाण्याचे तापमान ठराविक मर्यादेवर गेल्यावर स्विचाद्वारे सुरू होतो व ते उतरल्यावर थांबतो. त्यालाही ऊर्जा अखेर एंजिनच पुरविते. शिवाय जनित्र व चलित्र या दोन्ही ठिकाणी तिचा काही भाग वाया जातो. म्हणजे बचत विजेमुळे नव्हे, तर पंखा गरजेपुरताच चालल्यामुळे होते. एंजिन आडवे असलेल्या गाड्यांत पट्ट्याची मांडणीही अडचणीची असते. १९५९ मधील ब्रिटिश मिनी गाडीत त्यासाठी रेडिएटर बाजूला ठेवावा लागला होता.

पंखा बदलताना पाण्याच्या पंपाचा पट्टा कायम ठेवावा लागतो. १२ व्होल्टवर चालणारा २४० वॉटचा पंखा २० अँपिअर प्रवाह घेतो व सुरू होताना याहून अधिक. म्हणून पुरेशी जाड तार, फ्यूज व रिले आवश्यक असून जनित्राची क्षमताही तपासावी लागते. पंखा रेडिएटरच्या मागे असल्यास हवा खेचणारा व पुढे असल्यास ढकलणारा हवा. फिरण्याची दिशा चुकल्यास तो समोरच्या हवेलाच विरोध करतो. फ्यूज किंवा स्विच निकामी झाल्यास उभ्या गाडीचे एंजिन थोड्याच वेळात अतितप्त होऊन सिलिंडरचे शीर्ष वाकू शकते; म्हणून तापमानदर्शकावर लक्ष ठेवणे अगत्याचे असते. तसेच काही गाड्यांत एंजिन बंद केल्यावरही पंखा अचानक सुरू होतो, त्यामुळे त्याजवळ हात नेऊ नये.

अवजड मालमोटारींत पंख्याला २० किलोवॉट वा अधिक शक्ती लागू शकते. २४ व्होल्टवर त्यासाठी ८०० अँपिअरांहून अधिक प्रवाह लागेल. म्हणून तेथे सामान्यतः यांत्रिक पंखाच ठेवून, गरज नसता त्याची गती कमी करणारा क्लच वापरतात.