दुसऱ्या नानखटाईआधीचे दोन तास

भांगेची पानं धुताना लक्ष पाण्याच्या रंगावर ठेवायचं असतं. पहिलं पाणी गडद हिरवं आणि मातकट, नंतरचं शेवाळी, मग फिकट होत होत निवळ. मामींनी पानांची पुरचुंडी मलमलच्या फडक्यात बांधली होती. परातीत ती दाबायची, सोडायची, पाणी बदलायचं, पुन्हा दाबायची, असं त्यांचं चाललं होतं. "निवळ पाणी येईपर्यंत हात थांबवायचा नाही," त्या म्हणाल्या. पानांचा कडवटपणा, धूळ आणि हिरवा रंग पाण्यात उतरतो. ज्याने अंमल चढतो ते द्रव्य मात्र पाण्यात विरघळत नाही, ते पानातच राहतं. आयुर्वेदात भांगेच्या शोधनाची रीत अशीच आहे: फडक्यात बांधून धुवायची, वाळवायची आणि गाईच्या तुपावर परतायची. शार्ङ्गधर संहितेतल्या जातीफलादि चूर्णात भांग पडते, तीही शोधन केलेलीच. मामींनी हे सासूकडून घेतलं, ग्रंथातून नव्हे. तरी हातांचा क्रम तोच.

हे घर उज्जैनचं, माझ्या आजोळचं. शिंद्यांची राजधानी 1810 मध्ये ग्वाल्हेरला हलली, पण तिच्यामागे आलेली कितीतरी मराठी घरं क्षिप्रेकाठीच राहिली. महाकालाचं आजचं मंदिरही राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा शेणवी यांनी अठराव्या शतकात उभारलेलं. त्याच महाकालाला भांगेचा शृंगार होतो. पिंडीवर भांगेच्या लगद्याने देवाचा मुखवटा साकारतात. देवळाच्या परिसरात भांगघोट्याची परवानाधारक दुकानं उघडपणे चालतात. मी महागावचा, नागपूर-तुळजापूर रस्त्यावरच्या कापूस-सोयाबीनच्या गावातला. आमच्याकडे 'भांग' म्हटलं की माणसं आवाज खाली आणतात. उज्जैनला मामा सकाळी दूध आणावं तशी वाळली पानं पुडीत बांधून आणतात.

हा फरक कायद्यातला आहे. 1985 च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने चरस आणि गांजा, म्हणजे झाडाची राळ आणि फुलोरा, देशभर बंद केला; फुलोऱ्याशिवायची नुसती पानं त्या व्याख्येबाहेर ठेवली आणि ती बाब राज्यांवर सोडली. मध्य प्रदेशाने भांगेला परवान्याची दुकानं दिली. महाराष्ट्रात 1949 चा दारूबंदी कायदा भांगेलाही मादक द्रव्यांत धरतो, परवान्याशिवाय ती बाळगणं गुन्हा. त्यामुळे इथे जे लिहितो आहे ते महागावच्या स्वयंपाकघरात करून बघण्यासाठी नाही, हे आधीच स्पष्ट सांगतो. मामींच्या घरात मुख्य नियम तोच आहे: महाराष्ट्रात जाणाऱ्या कुणाच्याही पिशवीत भांगेच्या नानखटाईचा डबा जाणार नाही. आईने फोनवर एकदा हट्ट धरून पाहिला होता, तिलाही नाहीच मिळालं.

दुकानात वाटलेली तयार गोळी मिळते, पण मामी ती घेत नाहीत. वाटलेल्या गोळ्यात काय काय आहे हे डोळ्यांना कळत नाही, सुकं पान मात्र हातावर चोळून पाहता येतं. धुतलेलं पान एक दिवस सावलीत वाळलं की काड्या, बिया निवडून काढायच्या. मग ते गोल ॲल्युमिनियमच्या ओव्हनमध्ये मंद आचेवर जातं, आणि इथपासून मामी कुणाशी बोलत नाहीत. पान चुरलं की कुरकुरलं पाहिजे, हिरव्यावरून किंचित तपकिरीकडे झुकलं पाहिजे. वास गवताचा असतो तो भाजलेल्या शेंगदाण्याच्या जवळ गेला की ओव्हन बंद.

कच्च्या पानात नशा जवळपास नसतेच. तिथे असतं ते एक आम्ल. साधारण 105 ते 120 अंश सेल्सिअसच्या उष्णतेत त्याच्या रेणूतून कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि उरतं ते टीएचसी, ज्याची रचना इस्रायलमध्ये राफाएल मेशुलम आणि येहिएल गाओनी यांनी 1964 मध्ये उलगडली. आच जास्त झाली तर तेही मोडतं आणि मग नुसतं जळकं पान हाती राहतं. घोट्याची पानं आधी उकळतात किंवा परततात ती याचसाठी. बायकांच्या हाताला हे कळलं होतं, रसायनशास्त्राला त्याचं नाव द्यायला उशीर लागला.

दुसरी अट स्निग्धतेची. टीएचसी पाण्याला दाद देत नाही, तुपात आणि सायीच्या दुधात मात्र सहज उतरतं. म्हणून ठंडाई दुधाची, म्हणून जुना माजूम, म्हणजे भांगेची गोड वडी, तुपाचा. 1839 मध्ये कलकत्त्याच्या वैद्यकीय महाविद्यालयातले आयरिश डॉक्टर विल्यम ओशॉनेसी यांनी माजुमाची कृती नोंदवून ठेवली, तिच्यातही पानं तुपात शिजवून मग साखर घालायची आहे. मामींची नानखटाई म्हणजे माजुमाचीच शहाणी नात. पातेल्यात पाणी, त्यात दुसरं पातेलं, त्यात साजूक तूप आणि चुरलेलं पान. तुपाला उकळी म्हणून येऊ द्यायची नाही. संध्याकाळभर ते नुसतं कोमट तापत राहतं, मामी मधूनमधून उलथन्याने हलवतात. गाळल्यावर तूप काचेच्या बरणीत उतरतं तेव्हा त्याचा रंग पाचूसारखा असतो, आणि चव, खरं सांगायचं तर, कडुनिंबाच्या पाल्याची आठवण करून देणारी. त्यासाठी वेलदोडा, जायफळ सढळ हाताने.

या तुपाची ताकद किती, हे बरणीवर लिहून येत नाही. कॅनडात 2019 पासून दुकानात मिळणाऱ्या खाद्यपदार्थाच्या अख्ख्या पाकिटात 10 मिलिग्रॅमपेक्षा जास्त टीएचसी चालत नाही, आणि नवख्याने अडीच मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी घ्यावं असं तिथली सरकारी पत्रकं सांगतात. उज्जैनच्या पानाला असलं लेबल नाही. एका शेताचं पान दुसऱ्यासारखं नसतं, गेल्या वर्षीचं यंदासारखं नसतं. मामी म्हणून दरवर्षीचं तूप अनोळखीच धरतात. हिरवं तूप थोडंसं आणि साधं तूप त्याच्या कितीतरी पट, दोन्ही पातळ असतानाच एकत्र करून मग थिजवायचं. त्यानंतर पिठीसाखरेबरोबर ते फेसायचं, पांढुरकं आणि हलकं होईपर्यंत.

मला सगळ्यात महत्त्वाचं काम हे फेसणंच वाटलं. मैदा, बेसन, रवा मिसळताना तूप एका कोपऱ्यात गोळा झालं, तर एक नानखटाई निरुपद्रवी आणि शेजारची चौपट कडक निघते. घरगुती भांगेच्या पदार्थांत होणारे घोटाळे बहुतेक इथून सुरू होतात: "मी तर एकच खाल्लं" म्हणणारा खरंच एकच खाऊन आडवा झालेला असतो. मामा पंचाहत्तरीला टेकलेत, पण प्रत्येक गोळा तेच सोनाराच्या काट्यासारख्या छोट्या वजनकाट्यावर तोलतात. गोळा सुपारीएवढा. वरून सुरीच्या पाठीने तीन आडव्या रेघा, शंकराच्या भस्मासारख्या. साध्या नानखटाईवर बदामाचा काप असतो. दोन घाणे एका दिवशी करत नाहीत, एका डब्यात ठेवत नाहीत. रेघांचा डबा कुलपात जातो आणि किल्ली मामींच्या कमरेला. घरात नातवंडं आहेत. मुलाला त्या रेघांत देव दिसत नाही, बिस्कीट दिसतं.

घाण्यातली पहिली नानखटाई मामी स्वतः खातात, तीही पाव, आणि दुसऱ्या दिवशी घरात सांगतात की यंदाची किती. मी खाल्ली त्या वर्षी त्यांनी "अर्धी पुरे" असा निर्वाळा दिला. रात्रीची जेवणं झाली, मला अर्धी मिळाली, आणि मामींनी भिंतीवरच्या कालनिर्णयवर पेन्सिलीने वेळ लिहिली: साडेआठ.

पहिल्या तासात काहीच होत नाही. हे 'काहीच नाही' फार फसवं असतं. जीभ म्हणते, चव तर छान आहे, आणखी एक घेऊ. ओढलेल्या गांजाचा अंमल काही मिनिटांत कळतो, कारण तो फुप्फुसातून थेट रक्तात जातो. खाल्लेलं द्रव्य पोट, आतडं, मग यकृत असा फेरा घेतं. यकृतात टीएचसीचं रूपांतर आणखी एका द्रव्यात होतं आणि ते मेंदूवर जास्त जोरकस चालतं. सुरुवात अर्ध्या तासापासून दोन तासांपर्यंत केव्हाही, जोर दोन ते चार तासांनी, आणि ओसर सहा-आठ तासांनी, कधी त्याहून उशिरा. जड जेवणावर आणखी लांबतं. 2014 मध्ये न्यूयॉर्क टाइम्सच्या स्तंभलेखिका मोरीन डाउड यांनी डेन्व्हरच्या हॉटेलात असंच चॉकलेट खाल्लं, काही वाटेना म्हणून आणखी खाल्लं, आणि पुढचे आठ तास भीतीने गोठून पडून राहिल्या. नवख्याने त्या वडीचे सोळा भाग करायचे असतात, हे त्यांना मागाहून कळलं. इतक्या जाणत्या बाईची ही गत, तर होळीला ग्लासावर ग्लास रिचवणाऱ्या पोरांचं काय होत असेल!

मला कळलं ते दहाच्या सुमारास. आधी तोंड कोरडं पडलं. मग मामांच्या बोलण्यातली वाक्यं मला एकेक सुटी ऐकू येऊ लागली, दोन वाक्यांमधली जागा लांबली. हातपाय जड आणि उबदार. कसलीही भीती नाही. एक मऊ, संथ बरेपणा, आणि प्रचंड भूक, जिच्यासाठी मामींनी साध्या नानखटाईचा डबा आधीच पुढे आणून ठेवला होता. अर्धीवर थांबलो नसतो तर हाच बरेपणा कुठे गेला असता, हे त्या उंबऱ्यावर उभं राहिल्यावर शरीराला आपोआप समजतं. दोन तासांच्या आत दुसरा तुकडा नाही, हा मामींचा नियम. आणि दोन तासांनंतर तो मागावासा वाटत नाही, हा माझा अनुभव.

मामा स्वतः खात नाहीत. त्यांना हृदयाचा त्रास आहे आणि भांगेने नाडी वाढते. एक नात कॉलेजात शिकते, तिलाही नाही. वाढत्या मेंदूवर याचा परिणाम वाईट, आणि घराण्यात कुणाला मनोविकार असेल तर आणखीच. गरोदर, अंगावर पाजणाऱ्या बायकांना नाही. त्या रात्री दारूचा थेंब नाही, स्कूटरची किल्ली नाही, आणि सकाळीही डोकं पूर्ण स्वच्छ झाल्याशिवाय नाही.

एका शिवरात्रीला जबलपूरचा एक पाहुणा नियम डावलून बसला. बाहेरून घोटा पिऊन आला आणि वर घरातली नानखटाईही खाल्ली. मध्यरात्री त्याला वाटू लागलं की आपला श्वास थांबतोय. मामींनी त्याला अंधाऱ्या, शांत खोलीत कुशीवर झोपवलं, घोटघोट पाणी दिलं, आणि पहाटेपर्यंत शेजारी बसून तेच तेच सांगत राहिल्या: हे उतरतं, सकाळी उतरलेलं असेल. मामा अंगणात स्कूटर काढून तयार होते. छातीत दुखलं, शुद्ध हरपली, किंवा खाणारा लहान मुलगा असेल, तर वाट बघायची नाही, थेट दवाखाना, आणि डॉक्टरांना काय खाल्लं ते लपवायचं नाही. उलटी काढायला, लिंबू-चिंच चोळायला बसायचं नाही. त्या पाहुण्याला दवाखान्यापर्यंत जावं लागलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी तो जेवायला बसला तेव्हा मामींनी त्याला वरणभात वाढला आणि रेघांच्या डब्याची किल्ली कमरेवरून काढून देवघरातल्या खणात टाकली. त्या शिवरात्रीला मग कुणालाच मिळाली नाही.