क्लबहाऊस की गेट? सोसायटीतल्या व्हेंडिंग मशीनची गोष्ट

काचीगुडा, बडीचावडी, सुलतान बाजार या भागांत वाढलेल्या आपल्या घरांतली पुढची पिढी आता कोंडापूर, मियापूर, नल्लगंडला अशा भागांतल्या मोठमोठ्या कॉम्प्लेक्समध्ये राहते. जुन्या घरातून खाली उतरलं की कोपऱ्यावर किराणा दुकान असायचं. इथे टॉवरच्या लिफ्टपासून मेन गेटपर्यंत चालायलाच सात-आठ मिनिटं लागतात, आणि दुकान त्याच्याही पुढे. म्हणून आमच्या असोसिएशनच्या बैठकीत व्हेंडिंग मशीनचा विषय निघाला, तेव्हा हात लगेच वर झाले. मी त्या वर्षी कमिटीत होतो. दरपत्रकं मागवणं, जागा ठरवणं, करार वाचणं हे काम माझ्याकडे आणि आणखी दोघांकडे आलं. तुमच्यापैकी बरेच जण आज ना उद्या अशा कमिटीत बसणार आहेत, काही जण जोडधंदा म्हणून मशीन टाकायचा विचारही करत असतील. त्यांच्यासाठी हे लिहितो आहे.

व्हेंडिंग मशीन आपल्याला अगदीच नवं नाही. रेल्वे स्टेशनवर लुकलुकत्या दिव्यांचं, आत रंगीत चकती फिरणारं वजनाचं मशीन ज्यांनी पाहिलंय त्यांना हे लगेच कळेल. नाणं टाकायचं, चकती थांबेपर्यंत हलायचं नाही, मग खटकन् जाड कागदाचं तिकीट पडायचं, त्यावर वजन आणि भविष्य. आपल्या आजी-आजोबांचं पहिलं व्हेंडिंग मशीन तेच. कल्पना तर दोन हजार वर्षांची आहे. पहिल्या शतकात अलेक्झांड्रियाच्या हेरॉनने देवळातल्या पवित्र पाण्यासाठी असं यंत्र लिहून ठेवलं होतं. नाण्याच्या वजनाने तरफ झुकायची, झडप उघडायची आणि नाणं घसरून पडलं की पाणी बंद.

आपल्याकडे ही यंत्रं इतकी वर्षं रुजली नाहीत त्याचं एक मोठं कारण सुट्टे पैसे. मळकी नोट मशीन घेत नसे, नाणं अडकत असे. २०१६ मध्ये यूपीआय आलं आणि पुढच्या काही वर्षांत ही अडचणच संपली. आता वस्तूचा नंबर दाबला की पडद्यावर तेवढ्याच रकमेचा क्यूआर कोड येतो, पैसे पोचले की आतली स्प्रिंगसारखी कॉइल एक वेढा फिरते आणि पाकीट खाली पडतं.

पण दहा मिनिटांत सगळं दारात येत असताना मशीन कशाला? बैठकीत हा प्रश्न एका काकूंनी विचारला आणि तो रास्त होता. महिन्याचा किराणा किंवा पाच-सहा वस्तू हव्या असतील तर मशीन काही कामाचं नाही. पण वीस रुपयांच्या ताकासाठी डिलिव्हरीचा आकार, हाताळणीचा आकार, वर गेटच्या ॲपवर परवानगी, एवढं सगळं कोण करतं? मशीनचं गिऱ्हाईक म्हणजे बॅडमिंटन खेळून घामाघूम झालेला मुलगा, रात्री अकराला ऑफिसच्या कॅबमधून उतरलेली मुलगी. रात्री लागणाऱ्या गोळ्या मात्र त्यात ठेवता येणार नाहीत. औषधविक्रीला परवाना आणि नोंदणीकृत फार्मासिस्टची देखरेख लागते. सॅनिटरी पॅड ठेवता येतात, आणि आम्ही ते ठेवायलाच लावले.

आता हिशोब. नव्या फ्रिजवाल्या मशीनची आम्हाला आलेली दरपत्रकं अडीच लाखांच्या आसपास होती. समजा रोजची विक्री २,००० रुपये आणि सरासरी नफा वीस टक्के. महिन्याला १२,००० हातात येतात. रोज सहा युनिट वीज धरली तर दहा रुपये दराने १,८०० गेले. माल भरणाऱ्याचा पगार आणि पेट्रोल मिळून ४,०००, सोसायटीचं भाडं २,०००, मुदत संपलेला आणि फुटलेला माल १,०००. उरले ३,२००. म्हणजे मशीनची किंमत वसूल व्हायला साडेसहा वर्षं! विक्री दुप्पट झाली तर चित्र पालटतं. नुकसानीचा मालही दुप्पट धरला तरी महिन्याला १४,२०० उरतात आणि दीड वर्षात पैसे सुटतात. म्हणून एकच मशीन टाकून धंदा करू पाहणाऱ्याला माझं सांगणं, नको. एकच माणूस एका फेरीत जवळजवळची चार-पाच मशीनं भरेल, तेव्हाच गणित जमतं. किंमत वाढवून तूट भरून काढता येत नाही, कारण छापील एमआरपीच्या वर घेणं कायद्याला मान्य नाही. ‘थंड करण्याचे दोन रुपये जास्त’ ही दुकानातली सवय मशीनमध्येही चालत नाही.

सोसायटीनेही भाड्याला फार भुलू नये. सभासदांनी सभासदांसाठी जमवलेला पैसा हे उत्पन्न नाही, या परस्परतेच्या तत्त्वावर मेंटेनन्सच्या पैशाला आयकर लागत नाही. पण बाहेरच्या ऑपरेटरकडून येणारं भाडं त्यात बसत नाही. बेंगळुरू क्लबच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये क्लबच्या बँकठेवींवरचं व्याजसुद्धा या तत्त्वाबाहेर काढलं होतं. महिन्याच्या दोन हजारांसाठी हिशोबाच्या वहीत नवं पान उघडतं, तेव्हा आधी आपल्या सीएला विचारलेलं बरं. आम्ही भाडं कमी घेतलं आणि त्याबदल्यात करारात आपल्या अटी घातल्या.

त्यातली मुख्य अट पैसे परत मिळण्याची. आमच्या पहिल्या ऑपरेटरच्या मशीनमध्ये पाकीट खाली पडलं की नाही हे ओळखणारा सेन्सर नव्हता. पैसे जायचे, कॉइल फिरायची, पाकीट काचेमागे लोंबकळत राहायचं. पोरं मशीन हलवायची (ते धोक्याचं आहे, अडीचशे-तीनशे किलोचं धूड अंगावर आलं तर?) आणि मोठी माणसं वॉचमनवर चिडायची. तक्रारीचा फोन कोणी उचलत नसे. तीन महिन्यांत आम्ही ते मशीन परत पाठवलं. आताच्या मशीनमध्ये खाली अवरक्त किरणांचा पडदा आहे. वस्तू त्यातून पडली नाही तर पैसे आपोआप परत जातात. विजेला वेगळा मीटर लावला, आठवड्यातून दोनदा माल तपासायचा असं लिहून घेतलं, खाद्यसुरक्षेच्या नोंदणीची प्रत मशीनवर चिकटवायला लावली. तळघरात मशीन ठेवायची सूचनाही आली होती, पण तिथे मोबाइलचं नेटवर्क नाही आणि नेटवर्कशिवाय यूपीआय नाही. जिन्याजवळची जागा आगीच्या वेळी बाहेर पडायची वाट म्हणून सोडून दिली.

खरा वाद झाला तो क्लबहाऊस की गेट, यावर. क्लबहाऊसमध्ये एसी आहे, कॅमेरा आहे, मशीन शोभूनही दिसतं. पण घरकामाला येणाऱ्या बायका, माळी, वॉचमन यांना तिथे जाता येत नाही. हा नियम कुठे लिहिलेला नाही, तरी सगळ्यांना माहीत आहे. एप्रिल-मे महिन्यांत इथे पारा चाळीसच्या वर जातो, आणि ज्या माणसांना थंड पाण्याची सगळ्यांत जास्त गरज आहे त्यांनाच मशीनपर्यंत पोचता येणार नसेल तर ते कोणासाठी आणायचं? मी गेटच्या बाजूने बोललो. ‘तिथे गर्दी होईल’, ‘बाहेरचे लोक येतील’, असं बरंच ऐकून घेतलं. बोलणारे वाईट नव्हते, रोज भेटणारीच माणसं. शेवटी मतं घेतली आणि गेट तीन मतांनी जिंकलं. वॉचमनच्या खोलीला लागून शेडखाली मशीन बसलं. बटणांवर तेलुगू अक्षरं आणि प्रत्येक वस्तूचा फोटो आहे. ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही अशा आजोबा-आजींना आणि कामवाल्या मावशींना ऑफिसातून रोख भरून घ्यायचं कार्ड मिळतं. उन्हाळ्यात पाणी आणि ताकाचे सगळ्यांत मोठे गिऱ्हाईक कोण निघाले, तर दहा मिनिटांत सामान पोचवणारी डिलिव्हरीवाली पोरं!

मुलांच्या खाण्याचा प्रश्न उरलाच. शाळेच्या आवारात आणि गेटपासून पन्नास मीटरच्या आत जास्त चरबी, मीठ, साखरेचे पदार्थ विकायचे नाहीत, असा खाद्यसुरक्षा प्राधिकरणाचा २०२० चा नियम आहे. तो सोसायट्यांना लागू नाही, पण शाळेच्या बस आमच्या गेटवरच थांबतात. आम्ही ऑपरेटरला सांगून दुपारी साडेतीन ते साडेपाच कोल्ड्रिंकच्या दोन कॉइल बंद ठेवायला लावल्या. सॉफ्टवेअरमध्ये तशी सोय असते, मागितली तर मिळते. काही पालकांना हा जाच वाटतो. माझ्या मते ठीक आहे. साडेपाचनंतर ज्याला प्यायचंय त्याने प्यावं.

मग त्या कॉइलांच्या शेजारी काय ठेवायचं, यातून माझ्या वहिनीचा चिवडा मशीनमध्ये आला. वहिनी काचीगुड्यात घरून चिवडा, चकली, शेव करून देते, दिवाळीत ऑर्डर पुरवता पुरवता हाताला फुरसत नसते. पण घरच्या डब्यातला माल मशीनमध्ये जात नाही. नोंदणीचा चौदा आकडी नंबर, घटकपदार्थ, निव्वळ वजन, हिरवा ठिपका, उत्पादनाची तारीख, मुदत, एमआरपी, हे सगळं पाकिटावर छापलेलं हवं. नोंदणी ऑनलाइन झाली. अडलं ते पाकिटापाशी. उभी पिशवी कॉइलमध्ये तिरकी होते, फार फुगलेली अडकते. उशीसारखं दोन्ही टोकांना सील केलेलं, शंभर ग्रॅमचं पाकीट नीट बसलं.

चकलीवर मात्र ती अडून बसली. वरच्या रांगेतून पाकीट तीन-चार फूट खाली आपटतं. “भाऊजी, चकली मोडली तर लोक मला नावं ठेवतील, मशीनला नाही,” वहिनी म्हणाली. खरंच होतं ते. चार पाकिटं टाकून पाहिली, चारही वेळा आत चुरा. चिवड्याला पडण्याचं सोयरसुतक नसतं, तो वरच्या रांगेत गेला. चकलीसाठी सगळ्यांत खालची कॉइल मागून घेतली, जिथून पाकीट जेमतेम वीतभर घसरतं.

करार दर वर्षी नवा होतो. या वेळी दुसऱ्या टॉवरकडून मागणी आली आहे, त्यांनाही गेटच्या मशीनपर्यंत चालावं लागतं. ऑपरेटर म्हणतो, दुसरं मशीन टाकीन पण भाडं माफ करा. कमिटीतले दोघे तयार आहेत, दोघे नाहीत. वहिनीने विचारून ठेवलंय, त्यात खालच्या किती कॉइल मिळतील.