झाडीबोलीतील दैनंदिन शब्द आणि लोकव्यवहार

झाडीबोली ही महाराष्ट्राच्या पूर्व टोकाला, वैनगंगेच्या खोऱ्यात बोलली जाणारी मराठीची बोली आहे. भंडारा आणि गोंदिया जिल्ह्यांसह चंद्रपूर जिल्ह्याचा पूर्व भाग आणि गडचिरोली जिल्ह्याचा उत्तर व मध्य भाग हे तिचे क्षेत्र होय. घनदाट जंगलामुळे या मुलखाला 'झाडी' किंवा 'झाडीपट्टी' म्हणतात आणि त्यावरून बोलीला हे नाव मिळाले. धान, तलाव आणि जंगल या तीन गोष्टींभोवती येथील रोजचे जीवन फिरते. बोलीची सर्वांत नेमकी शब्दसंपदाही याच तीन विषयांची आहे.

प्रदेश आणि शेजारभाषा

गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्याच्या विभाजनातून निर्माण झाला. दोन्ही जिल्ह्यांमधून वाहणारी वैनगंगा बऱ्याच अंतरापर्यंत त्यांची सीमा आहे, मात्र ती बोलीची सीमा नाही. चंद्रपूरमधील ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही, मूल, सावली आणि गडचिरोलीतील देसाईगंज (वडसा), आरमोरी, कुरखेडा, चामोर्शी या तालुक्यांत बोलीचे रूप बरेचसे सारखे आहे.

झाडीबोलीच्या शेजारी गोंडी, माडिया, हलबी, छत्तीसगढी आणि तेलुगू या भाषा नांदतात. गावांच्या नावांतही हे दिसते. उत्तरेकडे वस्तीच्या नावाला 'टोला' जोडलेला आढळतो, तर दक्षिणेकडे आलापल्ली, एटापल्ली अशा नावांत गाव या अर्थाचा तेलुगू 'पल्ली' येतो. आदिवासी समाजात 'जोहार' आणि 'जय सेवा' ही अभिवादने रूढ आहेत.

उच्चार आणि व्याकरण

प्रमाण मराठीतील ण, छ, श, ष आणि ळ हे ध्वनी झाडीबोलीत नाहीत. 'ण'ऐवजी न येतो, छ, श, ष यांच्याऐवजी स येतो आणि 'ळ'ऐवजी र येतो. त्यामुळे पाणी–पानी, शेत–सेत, काळा–कारा, डोळा–डोरा अशा जोड्या तयार होतात. 'शाळा' या शब्दात दोन बदल एकदम होऊन 'सारा' हे रूप मिळते. पश्चिम विदर्भातील वऱ्हाडीत 'ळ'च्या जागी य येतो. वऱ्हाडीतला 'डोया' झाडीत 'डोरा' होतो तो यामुळेच. हे बदल नियमित आहेत. एक शब्द कळला की त्याच जातीचे इतर शब्द ओळखता येतात.

'मला', 'तुला' यांची रूपे 'मले', 'तुले' अशी होतात. भविष्यकाळात 'तू जाशील'ऐवजी 'तू जासीन' म्हणतात. चालू क्रियेसाठी 'राहणे' या क्रियापदाचा वापर होतो. 'तो जेवून राहिला' म्हणजे 'तो जेवत आहे'. जेवल्यानंतर तो मुक्कामाला थांबला, असा त्याचा अर्थ बाहेरच्या श्रोत्याने घेणे स्वाभाविक आहे, पण तो चुकीचा ठरतो. ही रचना विदर्भाच्या इतर भागांतही आढळते.

संबोधने

बोलणाऱ्यांचे नाते वाक्याच्या शेवटी येणाऱ्या छोट्या शब्दांवरून कळते. पुरुषाशी आपुलकीने बोलताना 'गा' येतो ('काय गा?'), स्त्रीशी बोलताना 'वो' येतो ('काय वो?') आणि मान देताना 'जी' येतो ('हो जी'). 'बे' हा समवयस्क मित्रांमधला शब्द आहे. तो वडीलधाऱ्यांपुढे किंवा अनोळखी माणसाशी बोलताना उद्धट ठरतो.

धान आणि तलाव यांचे शब्द

कोकणात शेतातील पिकालाही 'भात' म्हणतात. झाडीपट्टीत मात्र शेतात असते ते 'धान', भरडून निघतो तो 'तांदूळ' आणि शिजवून ताटात येतो तो 'भात'. बांध घातलेल्या शेताच्या तुकड्याला 'बांधी' म्हणतात. पश्चिम महाराष्ट्रात त्यालाच 'खाचर' म्हणतात. रोपांना 'पऱ्हे' आणि लावणीला 'रोवणी' हे शब्द आहेत. रोपे न लावता बी थेट फेकून केलेल्या पेरणीला 'आवत्या' म्हणतात. मळणीनंतर उरलेला पेंढा म्हणजे 'तनस'. उभ्या धानात कापणीपूर्वी, जमिनीतील ओलाव्यावर लाखोरी किंवा अन्य कडधान्य पेरतात. ही पद्धत 'उतेरा' या नावाने ओळखली जाते.

शेतातील लहान तळ्याला 'बोडी' म्हणतात. गावाच्या मोठ्या तलावांना मालगुजारी काळावरून 'मामा तलाव' म्हणजेच माजी मालगुजारी तलाव हे नाव पडले. हे तलाव बांधण्यात कोहळी समाजाचा मोठा वाटा आहे. तलावातून पाणी सोडण्याच्या दाराला 'तुडुम' म्हणतात, तर जादा पाणी वाहून जाण्याच्या जागेला 'सलंग' म्हणतात.

या शब्दसंग्रहात आधुनिक भरही पडत असते. नागभीड तालुक्यातील नांदेड या गावचे शेतकरी दादाजी खोब्रागडे यांनी १९८० च्या दशकात आपल्या शेतातील वेगळी लोंबी हेरली आणि निवड करत धानाचे नवे वाण तयार केले. त्या काळी लोकप्रिय असलेल्या मनगटी घड्याळावरून त्याला 'एचएमटी' हे नाव मिळाले. आज किराणा दुकानात हा शब्द घड्याळापेक्षा तांदळाचाच म्हणून ओळखला जातो. खोब्रागडे यांचे ३ जून २०१८ रोजी निधन झाले.

जंगल आणि स्वयंपाकघर

उन्हाळ्याच्या सुरुवातीस पहाटे मोहाची फुले वेचली जातात. मोहाच्या फळाला व बीला 'टोरी' म्हणतात आणि बियांपासून तेल काढतात. त्यानंतर तेंदूपत्त्याचा हंगाम येतो. सत्तर पानांचा एक 'पुडा' बांधतात. पुडे जमा करण्याचे केंद्र म्हणजे 'फळी' आणि तेथे हिशेब ठेवणारा तो 'फळीमुन्शी'. वाळलेले पुडे ज्या मोठ्या पोत्यात भरतात त्याला 'बोद' म्हणतात. मजुरी पुड्यांवर मोजली जात असल्याने या शब्दांचा नेमका अर्थ कुटुंबाच्या वर्षभराच्या रोख उत्पन्नाशी जोडलेला आहे.

पावसाळ्यात बांबूच्या कोवळ्या कोंबांची भाजी करतात. या कोंबांना 'वास्ते' म्हणतात. टाकळ्याच्या भाजीला 'तरोटा' म्हणतात. विदर्भात इतरत्रही चालणारे 'सांबार' (कोथिंबीर), 'आलू' (बटाटा) आणि 'भेदरे' (टोमॅटो) हे शब्द येथेही वापरात आहेत. बाजारात 'सांबार' मागणाऱ्याला कोथिंबिरीची जुडी मिळते, डाळीची आमटी नव्हे.

मंडई आणि रंगभूमी

दिवाळीनंतर गावोगावी वेगवेगळ्या दिवशी 'मंडई' भरते. हा बाजार, जत्रा आणि पाहुण्यांची भेट यांचा एकत्र सोहळा असतो. लग्न होऊन गेलेल्या लेकी आणि सोयरे त्या दिवशी गावी येतात. रात्री दंडार, खडीगंमत किंवा नाटक असते. बैलांच्या शर्यतीला 'शंकरपट' किंवा नुसते 'पट' म्हणतात.

धान घरात आल्यावर सुरू होणारा झाडीपट्टी रंगभूमीचा हंगाम होळीच्या सुमारापर्यंत चालतो. वडसा हे तिचे प्रमुख केंद्र असून अनेक नाट्यमंडळांची कार्यालये तेथे आहेत. नाटके रात्री उशिरा सुरू होऊन पहाटेपर्यंत चालतात. या रंगभूमीवरील ज्येष्ठ कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री सन्मान जाहीर झाला.

म्हणी आणि घोषवाक्ये

मराठीतील सर्वपरिचित म्हणी येथे बोलीच्या उच्चाराने येतात. 'पळसाला पाने तीनच' या म्हणीतील 'पळसाला' हा शब्द 'परसाले' असा होतो. 'ळ'चा र आणि 'ला'चा ले हे दोन्ही नियम या एका शब्दात दिसतात.

अलीकडच्या काळात धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाचे 'दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' हे वाक्य म्हणीसारखे रूढ झाले आहे. 'मावा नाटे, मावा राज' (आमच्या गावात आमचे राज्य) हे त्याच आशयाचे गोंडी घोषवाक्य आहे. या गावाला २००९ मध्ये वनहक्क कायद्याखाली सामूहिक वनहक्क मिळाले.

अभ्यास आणि शिक्षण

जॉर्ज ग्रियर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाच्या सातव्या खंडात (१९०५) पूर्व विदर्भातील मराठीची नोंद 'नागपुरी' या व्यापक नावाखाली झाली. पुढे साकोली येथील डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी झाडीबोलीचा स्वतंत्र अभ्यास केला. झाडीबोली साहित्य मंडळाच्या संमेलनांतून बोलीतील लेखनाला व्यासपीठ मिळाले. डॉ. राणी बंग यांच्या गडचिरोलीतील स्त्रिया आणि झाडे यांच्यावरील पुस्तकाचे 'गोईण' हे नाव मैत्रीण या अर्थाच्या स्थानिक शब्दावरून आले आहे.

शाळेत हा विषय व्यावहारिक ठरतो. घरी 'डोरा' आणि 'पानी' म्हणणाऱ्या मुलाला पुस्तकात 'डोळा' आणि 'पाणी' भेटतात. घरच्या बोलीत न आणि ण हा भेद नसल्याने कोठे कोणते अक्षर लिहावे हे त्याला केवळ कानाने ठरवता येत नाही. अशी रूपे 'अशुद्ध' म्हणून खोडली जातात तेव्हा त्यांमागील नियम मुलाला कळत नाही. तो नियम समजावून दिल्यास प्रमाण लेखन शिकणे सोपे जाते आणि घरची बोलीही सोडावी लागत नाही. 'बांधी', 'तुडुम', 'सलंग' यांसारख्या शब्दांत तर शेती आणि पाण्याच्या व्यवस्थेचे ज्ञान साठलेले आहे. शब्द वापरातून गेला की त्या व्यवस्थेविषयी बोलण्याचे साधनही कमी होते.